व्हायोलिनवर धून बसवताय? शेवटाकडून बसवा

धुनेची सुरुवात घोटून पक्की होते आणि शेवट कायम अडखळतो, कारण चुकलं की आपण पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. त्यापेक्षा उलट्या बाजूने या.

समजा, भूप रागातली छोटी धून आहे आणि ती 'ग प ध प ग रे सा' अशी संपते.

१. मोबाइलवर तानपुरा लावून आधी फक्त 'ग रे सा', एका स्वराला एक गज. 'सा' तानपुऱ्यात विरघळला की पुढे जा.

२. मागे तुकडा जोडा: 'ध प ग रे सा'. मग पूर्ण ओळ, मग तिच्या आधीची. दर वेळी शेवटापर्यंत वाजवायचंच. पुढचा भाग हातात बसलेला असल्याने बोटं घाबरत नाहीत.

३. रियाज संपताना एकदाच रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका. लगेच ऐकलं तर सगळं छानच वाटतं! त्यातली एकच चूक त्या दिवसापुरती धरा. 'ध'वर लक्ष ठेवा; तिथे फार रेंगाळलात की भूपाचा देशकार (त्याच स्वरांचा दुसरा राग) व्हायला लागतो.

लय सगळ्यात शेवटी वाढवा.

नाशिकच्या जानेवारीतल्या थंडीत पहाटे बोटं आखडलेली आणि तारा हललेल्या असतात. तेव्हा आधी तारा जुळवून नुसता लांब गज ओढा. गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये शेजारी झोपलेले असतील, तर घोडीवर रबरी म्यूट बसवा.

रियाज झाला की गजाचा स्क्रू सैल करायला विसरू नका. ताणलेलाच ठेवला तर काडीचा बाक बिघडतो.