लेकराच्या वाढीत उशीर दिसतोय पण घरचे मानत नाहीत? आरबीएसकेत नवीन लागलेल्यांसाठी

आरबीएसके म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, अंगणवाडी-शाळेत जाऊन लेकरं तपासायचं सरकारी काम. त्याच्या टीममध्ये नवीन जॉइन झालेल्या बीएएमएस-बीएचएमएस पोरापोरींचा एक प्रश्न हमखास येतो. मॅडम, लेकरू अडीच वर्षांचं आहे, बोलत नाही, हाक मारली तर बघत नाही, आपल्याला दिसतंय, पण आईबाप ऐकूनच घेत नाहीत, काय करू? मी बीड जिल्ह्यात हेच काम करते, तर जे कामाला आलंय ते लिहून टाकते. पाठ करायची स्क्रिप्ट नाहीये ही, घर बदललं की बोलणं बदलतं.

आधी एक डोक्यात पक्कं ठेवा, आपलं काम स्क्रीनिंगचं, निदानाचं नाही. अंगणवाडीच्या ओट्यावर उभं राहून ऑटिझम, मतिमंद असलं काही बोलायचंच नाही. ते ठरवायला जिल्ह्याला डीईआयसी, म्हणजे अशा लेकरांची पुढची तपासणी अन् थेरपी करणारं केंद्र आहे, आणि गावात असा शब्द दुपारपर्यंत सगळ्या गल्लीत फिरतो अन् मग लेकराला चिकटतो तो चिकटतोच. आपण फक्त काय दिसलं ते बोलायचं. 'नावानं हाक मारली, वळला नाही' इतकं साधं.

जागा आणि वेळ याकडं कुणी लक्ष देत नाही. खिचडी वाटपाच्या टायमाला दहा बाया उभ्या असताना आईला बाजूला घेतलं तरी सगळ्यांना कळतंच की काहीतरी आहे. तपासणी उरकून घ्या, मग सेविकाताईला सोबत घेऊन घरी जा, आणि ताईलाच आधी विचारा की त्या घरात चालतं कुणाचं. बऱ्याच घरी आईला सगळं माहीत असतं, तिला पटवायची गरजच नसते, ती सासूसमोर बोलू शकत नसते एवढंच. बाप पुण्याला नाहीतर चाकणला कंपनीत असला तर त्याच्या सुट्टीच्या दिवशी फोन स्पीकरवर लावून बोला, नाहीतर 'ते आल्यावर बघू' म्हणत दिवाळी येते.

आता एक घर सांगते. पोरगं अडीच वर्षांचं, ट्रॅक्टरचं खेळणं उलटं करून नुसतं चाक फिरवत बसलेलं. मी मागून ताटावर चमचा वाजवला, पोरगं दचकलं, पण आईनं चार हाका मारल्या तर मान वर नाही. आजी लगेच म्हणाली, "काही झालं नाही त्याला, ह्याचा बाप बी चार वर्षाचा होईस्तोवर बोलला नव्हता." आता इथं वाद घालायला गेलं की संपलंच. मी म्हणलं, "बरं आजी, मंग त्याला तहान लागली तर काय करायचा वो?" तर आजी खुशीत आली, म्हणे बोटानं माठ दाखवायचा, पदर ओढायचा, भाकर मागायचा, सगळं कळायचं त्याला, नुसती जीभ जड होती. मी म्हणलं, "आणि हा?" आजी पोराकडं बघत राहिली, आणि मग आईच बोलली की हा बोट दाखवतच नाही, माझा हात धरून नेतो अन् माठावर ठेवतो.

त्यानंतर मला फार बोलावं लागलं नाही. उशिरा बोलणारं लेकरू आणि बोटानंही न सांगणारं लेकरू यात फरक आहे हे आजीला तिच्याच पोराच्या आठवणीतून कळलं, चार्ट दाखवून ते कळलं नसतं. चार्ट दाखवूच नका असं नाही, माता बाल संरक्षण कार्डात टप्पे छापलेलेच आहेत, पण ते नंतर. आणि हो, सातव्या-आठव्या महिन्यात जन्मलेलं असेल तर दोन वर्षांपर्यंत तेवढे आठवडे वजा करूनच वय धरा, उगाच घाबरवू नका.

कधी घरचे म्हणतात, खाजगीत दाखवलं, डॉक्टर म्हणले काही नाही. त्या डॉक्टरला नावं ठेवू नका. 'तेव्हा लेकरू लहान होतं, आता वय वाढलं, परत बघायला काय हरकत आहे' एवढ्यावर काम होतं. आणि आई हळूच विचारते, ग्रहणात भाजी चिरली म्हणून झालं का, मोबाईल दिला म्हणून झालं का. ग्रहणाचं सरळ 'नाही' म्हणून टाका, तिच्या डोक्यावरचं ओझं त्याच दिवशी उतरलं पाहिजे. मोबाईलचं, त्यामुळंच झालं असं कुणी म्हणू शकत नाही, पण तो बाजूला ठेवला तर लेकराशी बोलायला वेळ मिळतो, असं खरं खरं सांगा. नात्यातलं लग्न असेल तर ते पेपरवर लिहा, सगळ्यांसमोर काढू नका, सासरचे लगेच तिच्या माहेरावर घसरतात.

'नॉर्मल होईल का मॅडम?' हे विचारणारच. होईल म्हणू नका, होणार नाही पण म्हणू नका. आज सांगता येत नाही, पण थेरपी जितकी लवकर तितकी कामाची, इतकंच. अपंगत्वाचं सर्टिफिकेट, यूडीआयडी म्हणजे अपंगत्वाचं ओळखपत्र, निरामय हा अशा लेकरांसाठीचा सरकारी आरोग्य विमा, हे सगळं उपयोगाचं आहे, पण पहिल्या भेटीत काढलं तर समोरचा माणूस उठून जातो.

मागायचं ते एकच पाऊल मागा. बोलत नसलेल्या लेकराला मी म्हणते, आधी कान तपासून घेऊ. ही काही फसवायची युक्ती नाही, बोलण्यात उशीर म्हटलं की ऐकण्याची तपासणी लागतेच, ताटाचा आवाज ऐकला म्हणजे कान नीट असं होत नाही, आणि कानाचं म्हटलं की घरचे तयार पण होतात. फक्त बेरा टेस्टला, म्हणजे आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का ते मशीनवर बघायच्या तपासणीला, लेकरू गाढ झोपलेलं लागतं. आमच्याकडची लेकरं एसटीत मस्त झोपतात आणि दवाखान्यात टकाटक जागी, मग तारीख वाया, बापाची रोजी वाया, आणि परत येतो म्हणणारे परत येत नाहीत. आदल्या रात्री उशिरा झोपवा, सकाळी लवकर उठवा, गाडीत जागं ठेवा, हे घरच्यांना सांगा, आणि दवाखान्यात कोणत्या दिवशी तपासणारं कोण असतं ते आपण फोन करून विचारूनच पाठवा.

थांबायचं कधी नाही तेही बघा. येत असलेले शब्द गेले, लेकरू बसायचं ते बसेनासं झालं, झटके येतात, यात घरच्यांचं मन वळायची वाट बघत बसू नका, त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञाकडं, जमलं तर आपल्याच गाडीत.

नाही म्हणाले तर भांडून निघू नका, पुढची तारीख सांगून निघा. आपली अंगणवाडीची फेरी वर्षातून दोनदा, आशाताईंच्या एचबीवायसीच्या, म्हणजे घरी येऊन लहान लेकरू बघायच्या भेटी पंधराव्या महिन्याला संपतात, आणि बोलण्यातला उशीर नेमका त्यानंतर कळायला लागतो, म्हणजे मधे बघणारी फक्त सेविका. तिला दोन गोष्टी सांगून ठेवा, बोट दाखवतो का, हाकेला वळतो का, महिन्यानं मला व्हॉट्सअप कर. अन् ऊसतोडीचं घर असेल तर सगळं दसऱ्याच्या आत बसवा. एकदा उचल (आगाऊ पैसे) घेऊन टोळी कारखान्यावर गेली की मार्च-एप्रिलपर्यंत लेकरू आपल्या रजिस्टरमधून गायब, म्हणून कार्ड सोबत न्यायला सांगा, आणि आईबापाबरोबर मुकादमाचा, म्हणजे टोळी नेणाऱ्याचा नंबर पण लिहून घ्या, सीझनमध्ये तोच तेवढा लागतो.