जुनी बांधकाम यंत्रं चालवून दाखवायची तर : कोकणातल्या इंजिन-प्रदर्शनासाठी

नुसतं टुकटुकणारं इंजिन लोक दोन मिनिटं बघतात आणि भज्यांच्या गाडीकडे वळतात. त्याच इंजिनाला काँक्रीटचा मिक्सर किंवा दगड फोडणारा क्रशर जोडला की तीच माणसं हलायला तयार नसतात. इंजिनालाही भार मानवतो. जुनं स्लो स्पीड डिझेल दिवसभर रिकामं फिरवलं तर पुरेसं तापत नाही, अर्धवट जळलेलं डिझेल धुराड्यातून काळं चिकट होऊन ठिबकतं आणि नोझलवर, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या तोंडावर, काजळी धरते. तेव्हा दहा इंजिनं रांगेत मांडण्यापेक्षा तीन यंत्रं आणा आणि तिन्हींना काम द्या.

जागा आणि वारा

मोकळी जागा म्हणजे आपल्याकडे बहुतेक सडाच, उघड्या कातळाचं पठार. कातळ सपाट दिसतो, पण पाण्याची बाटली आडवी ठेवून बघा, कुठे ना कुठे उतार निघतोच. कातळात खुंट्या ठोकता येत नाहीत. दोरीचे खांब आठवडाभर आधी रंगाच्या जुन्या डब्यांत काँक्रीटने उभे करून ठेवा. यंत्रांच्या चाकांना दोन्ही बाजूंनी जांभ्याचे चिरे लावा. गोटे लावू नका, ते गडगडतात.

सकाळी मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे असतो आणि दुपारच्या सुमारास खारा वारा उलटा सुटतो. क्रशर पूर्वेला किंवा पश्चिमेला ठेवलात तर दिवसातून एकदा सगळी धूळ प्रेक्षकांच्या तोंडात जाणार. तो मैदानाच्या उत्तर किंवा दक्षिण टोकाला ठेवा.

डिसेंबरनंतर सड्यावरचं गवत वाळून खडखडीत झालेलं असतं. धुराड्यातून उडालेली एक ठिणगी आणि खाली काजूच्या बागा, पुढचं सांगायला नको. प्रत्येक इंजिनाभोवती १५ फूट गवत मुळापर्यंत कापा, जमीन भिजवा आणि पाण्याची टाकी, वाळूच्या बादल्या व पावडरचा अग्निशामक हाताशी ठेवा. पेटलेल्या डिझेलवर पाणी मारायचं नाही, हे बादलीजवळच्या पोराला आधी सांगा. पाणी गवतासाठी, वाळू डिझेलसाठी.

इंजिन

कोकणातल्या भातगिरण्यांत आणि पंपांवर जे चाललं, ते बहुतेक लिस्टर जातीचं : एक सिलिंडर, दोन जड फ्लायव्हील, ६ अश्वशक्ती, मिनिटाला ६५० फेरे. मूळ डिझाइन इंग्लंडातल्या डर्स्लीचं, १९३० च्या सुमाराचं. राजकोटला त्याच्या नकला वर्षानुवर्षं निघाल्या. बोअर (सिलिंडरचा व्यास) साडेचार इंच, स्ट्रोक (पिस्टनची धाव) साडेपाच. फोर-स्ट्रोक असल्याने दोन फेऱ्यांत एकदा पेट घेतो, म्हणजे मिनिटाला ३२५ ठोके. माइकवाल्याला हे सांगून ठेवा, लोकांना मोजायला आवडतं. आणखी एक गंमत ऐकवता येते. भार आला की वेग सांभाळणारा गव्हर्नर डिझेल वाढवतो, त्यामुळे ठोक्यांची संख्या जवळपास तीच राहते पण आवाज जड होतो.

पावसाळाभर बंद असलेलं इंजिन प्रदर्शनाच्या किमान १५ दिवस आधी उघडा. टाकीच्या तळाला पाणी साचलेलं असतं. रात्रीच्या दमट हवेचं ते दव, डिझेलपेक्षा जड म्हणून खाली बसतं. तळाचा प्लग काढून स्वच्छ डिझेल येईपर्यंत सोडा. खाऱ्या हवेने दोन जागा हमखास धरतात : एक्झॉस्ट व्हॉल्व्हची दांडी आणि फ्युएल पंपाचा प्लंजर, म्हणजे डिझेल ढकलणारा आतला दट्ट्या. दांडीवर डिझेल आणि ऑइल निम्मं-निम्मं सोडून रोज थोडी हलवा. प्लंजरला हातोडी लावू नका, त्याची बसणी इतकी बारीक असते की एक ओरखडासुद्धा त्याला पुरतो. पिस्टन अडकला असेल तर तेच मिश्रण वरून ओतून तीन-चार दिवस मुरू द्या, मग फ्लायव्हील हळूहळू मागेपुढे झुलवा. लांब पहार लावून जोर केलात तर रिंगा तुटतात.

फ्लायव्हीलच्या चाव्या, म्हणजे ते शाफ्टवर घट्ट धरणाऱ्या पाचरी, हाताने ठोकून बघा. चावी सैल असेल तर इंजिन प्रत्येक ठोक्याला 'टण्' करतं आणि लोक त्याला बेरिंग गेलं समजतात. चावीचं डोकं शाफ्टच्या बाहेर येतं आणि फिरताना दिसत नाही. लुंगी, ओढणी, शर्टाची बाही तिथेच अडकते. त्यावर पत्र्याचं झाकण हवंच.

थंड करायला २०० लिटरचं पिंप पुरतं, पंप लागत नाही. गरम पाणी वर चढतं, गार खाली येतं. फक्त वरच्या पाइपाचं तोंड सतत पाण्याखाली हवं. पातळी चार बोटं खाली गेली की फिरणं थांबतं, आणि पिंप हाताला कोमट लागत असतानाच सिलिंडर उकळतो. विहीर खाडीलगतची असेल तर पाणी चाखून बघा. मचूळ लागलं तर दुसरीकडून आणा.

चालू करताना क्रम असा :

१. ऑइलची पातळी बघा. कोकणातल्या उकाड्यात एसएई ४० ठीक. रॉकरवर कॅनने चार थेंब.
२. डिझेलच्या पाइपात अडकलेली एअर काढा : आधी फिल्टरचा बोल्ट, मग पंपाचा, शेवटी नोझलकडच्या पाइपाचा नट. बुडबुडे संपून सलग डिझेल येईपर्यंत.
३. पंपाचा हात हाताने मारा. नोझलमधून कोरडा 'कर्र' आवाज यायला हवा. आवाज आला नाही तर हँडल मारून दमण्यात अर्थ नाही. एअर राहिली आहे किंवा नोझल गळतंय.
४. डीकंप्रेशनची खिट्टी (ती सिलिंडरमधला दाब सोडते) उचला, हँडल लावा. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा, मुठीत वळवू नका. इंजिनाने उलटा झटका दिला तर हात सुटला पाहिजे.
५. चांगला वेग येईपर्यंत फिरवा, खिट्टी पाडा. पेट घेतला की हँडल काढून लगेच पेटीत टाका.

मिक्सर

सगळ्यांत भाव खाऊन जातो तो १०/७ मिक्सर. या आकड्यांचा अर्थ ठेकेदारांनाही कधीकधी सांगावा लागतो : १० घनफूट कोरडा माल आत, ७ घनफूट ओलं काँक्रीट बाहेर. पण काँक्रीट तयार करून फेकून द्यायचं नाही. कुंपणाचे पोल ओता. ४ इंच बाय ४ इंच बाय ६ फुटी पोलाला दोन-तृतीयांश घनफूट लागतं. १:२:४ (सिमेंट, वाळू, खडी) च्या एका गोणीचं काँक्रीट साधारण साडेपाच घनफूट निघतं, म्हणजे एका घाण्यात आठ पोल. साचे आधीच जुनं ऑइल लावून, आत ६ मिमीचे चार गज बांधून तयार ठेवा.

मापाला ३० बाय ३० बाय ३९ सेंटिमीटरचा फरमा (मापाचं खोकं) करा, तो ३५ लिटरचा होतो, सिमेंटच्या एका गोणीएवढा. एक गोणी सिमेंट, दोन फरमे वाळू, चार फरमे २० मिमी खडी. पाणी २५ लिटर. वाळू ओली असेल तर दोन-तीन लिटर कमी. खाडीची किंवा किनाऱ्यावरची वाळू वापरू नका, मिठामुळे गज गंजतात आणि काही वर्षांत पोल उभा चिरतो. क्रश सँड चालेल.

ड्रम फिरत असतानाच आधी थोडं पाणी, मग हॉपर, म्हणजे माल उचलून ड्रममध्ये ओतणारं सूप. हॉपरमध्ये तळाला खडी, मध्ये सिमेंट, वर वाळू. सिमेंट वर ठेवलंत तर निम्मं वाऱ्यावर जातं आणि उरलेलं ड्रमच्या पात्यांना चिकटतं. उरलेलं पाणी सोडून पुरी दोन मिनिटं फिरवा. प्रेक्षकांतले जुने गवंडी एका मिनिटात 'झालं, झालं' म्हणतील. त्यांना मान द्या, पण घड्याळ बघा.

हॉपर उचलणारी वायर रोप आदल्या दिवशी तपासा. जुनं फडकं हातात धरून रोपवरून सावकाश ओढा. जिथे फडकं अडकतं तिथे तार तुटलेली आहे. दोन-तीन ठिकाणी अडकलं तर रोप बदला, वरून ग्रीस फासून झाकू नका. उचललेल्या हॉपरखाली कोणी जायचं नाही. साफ करायचा असेल तर खाली टेकवून किंवा साखळीचा हूक लावून.

ड्रमच्या मोठ्या दात्यांना ग्रीस लावायचा मोह होतो. लावू नका. सिमेंटची भुकटी ग्रीसमध्ये बसली की त्याची पॉलिश पेस्ट होते आणि दाते झिजवते. शेवटच्या घाण्यानंतर लगेच दोन फरमे खडी आणि दोन बादल्या पाणी टाकून दहा मिनिटं फिरवा. जेवून आल्यावर धुऊ म्हणालात तर छिन्नी घेऊन ड्रममध्ये बसावं लागेल.

क्रशर

दोन जबड्यांत दगड चिरडायची ही रचना ब्लेक या अमेरिकनाने १८५८ साली पेटंट केली आणि आजही तत्त्व तेच आहे. आठ-नऊ इंची तोंडाच्या छोट्या क्रशरला ८ अश्वशक्तीचं, ८५० फेऱ्यांचं इंजिन घ्या. इंजिनावर १० इंची पुली आणि क्रशरवर ३० इंची, म्हणजे क्रशर साधारण २८० फेऱ्यांनी चालेल. दोन्हींत १५ ते २० फूट अंतर ठेवा आणि पुल्यांच्या कडांना सुतळी लावून एका रेषेत आणा. अर्धा इंच फरक असला तरी पट्टा उतरतो. क्रशरवरच्या बाणाशी दिशा जुळत नसेल तर पट्ट्याला मध्ये पीळ देऊन घाला. पुलीला मिठीही जास्त बसते. दुपारी वारा आडवा आला की लांब पट्टा फडफडतो, तेव्हा वाऱ्याच्या बाजूला एक जुनी ताडपत्री ताणा.

दगड काळाच हवा. जांभा टाकलात तर खडी होत नाही, लाल माती होऊन जबड्यात थापते. तोंडाच्या तीन-चतुर्थांशाहून मोठा दगड टाकू नका. क्रशर रिकामा सुरू करा, पूर्ण वेग आल्यावर दगड टाका आणि बंद करताना आधी पोट रिकामं होऊ द्या. भरल्या पोटी थांबला तर आतला दगड पहारीने उकरावा लागतो, तोही पट्टा काढल्यानंतरच.

हलत्या जबड्याला मागून रेटणारी टॉगल प्लेट मुद्दाम कमजोर असते. आत हातोडीचं डोकं गेलं तर ती तुटते आणि फ्रेम वाचते. ती वेल्डिंग करून 'मजबूत' करणारे बरेच भेटतात. पुढच्या वेळी फ्रेमच तडकते आणि तेवढं बीड आता कोणी ओतून देत नाही. सुटी प्लेट जवळ ठेवा. तोंडावर जाळी, दगडांवर पाण्याचा फवारा, चालवणाऱ्याला मास्क आणि चष्मा. प्रेक्षक ३० फुटांवर. पट्ट्याच्या आणि फ्लायव्हीलच्या सरळ रेषेत एकही माणूस नको, फोटोवालासुद्धा.

रोलर

तीन चाकांचा ८-१० टनी रोलर कातळावर थेट फिरवू नका, लोखंडी चाक दगडावर घसरतं. आधी ३-४ इंच मुरूम पसरा. क्रशरची खडी बारीक पडते, म्हणून रस्त्याच्या नमुन्यासाठी ६३ ते ४५ मिमीची वेगळी आणा. १० सेंटिमीटर थर पसरला की दबून साडेसात होतो. कडेकडून मध्याकडे या, मागच्या चाकाची निम्मी रुंदी आधी दाबलेल्या पट्ट्यावर ठेवा, वेग माणसाच्या चालीपेक्षा कमी. उतारावर गिअर काढायचा नाही, जुना ब्रेक एकटा रोलर धरत नाही. ट्रेलरवर चढवताना रॅम्पवर लाकडी फळ्या टाका.

बंद करताना

इंजिन डीकंप्रेशनच्या खिट्टीने बंद करायची सवय मोडा. गव्हर्नरचा दांडा ओढून डिझेल तोडा. त्याआधी पाच मिनिटं बिनभाराचं फिरू द्या. पूर्ण थांबल्यावर फ्लायव्हील हाताने फिरवून पिस्टन कंप्रेशनच्या टोकाला आणा. तिथे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात, रात्रीची खारी हवा सिलिंडरमध्ये शिरत नाही. धुराडं निवलं की त्याच्यावर नारळाची करवंटी पालथी घाला आणि सकाळी चालू करण्याआधी ती काढा.

पोल साच्यात २४ तास राहू द्या, मग सात दिवस गोणपाटाखाली भिजते ठेवा. सड्यावर पाणी घालायला रोज कोण येणार, ते प्रदर्शनाआधीच ठरवा.