बॅरिटोन आवाजात रशियन रोमान्स गाताना या चुका टाळा

चायकोव्हस्की, मुसोर्गस्की, रखमानिनोव्ह या रशियन संगीतकारांनी आवाज आणि पियानोसाठी लिहिलेल्या गाण्यांना रशियात ‘रोमान्स’ म्हणतात. बॅरिटोनला, म्हणजे पुरुषाच्या मध्यम उंचीच्या आवाजाला, ती शोभतात, म्हणून पाश्चात्त्य गायन शिकणारे लवकरच त्यांच्याकडे वळतात. तयारी बिघडते ती बहुतेकदा एकाच समजुतीमुळे: गाणं गायकाचं, पियानो फक्त साथीला. भावगीतात पेटी गळ्यामागून जाते, तसा हा पियानो जात नाही. अर्धं गाणं त्याच्याकडेच असतं.

रखमानिनोव्हचं ‘वसंताचं पाणी’ (१८९६) घ्या. त्युत्चेव्हच्या या कवितेत शेतांवर अजून बर्फ पांढरं दिसतंय आणि पाणी मात्र खळाळत सुटलंय. तो सगळा खळाळ पियानोत आहे. रखमानिनोव्हने हे गाणं अर्पण केलं तेही आपल्या लहानपणीच्या पियानो-शिक्षिकेला, आना ओर्नात्स्काया यांना. आवाज झाकला जातोय असं वाटलं की गायक वादकाला ‘हळू वाजव’ म्हणतो, आणि पाणीच आटतं. त्याऐवजी पेडल (सूर लांबवणारी पायपट्टी) कमी करा, ते लवकर लवकर बदला, डावा हात हलका ठेवा. गायकाने व्यंजनं नेमकी आणि वेळेवर टाकली, तर बराचसा प्रश्न तिथेच सुटतो.

इथे आणखी एक अडचण येते. हे गाणं मुळात उंच आवाजासाठी आहे. बॅरिटोनसाठी पट्टी फार खाली आणली की पियानोतले खालचे सूर एकमेकांत मिसळून गढूळ होतात. गळ्याला जेवढी गरज आहे तेवढीच पट्टी उतरवा, जास्त नको.

आवाज मुद्दाम काळा, जड करणं ही तरुण बॅरिटोनांची नेहमीची चूक. द्‍मित्री ह्वोरोस्तोव्स्की यांची ध्वनिमुद्रणं ऐकून हा मोह होतो, आणि ते समजण्यासारखं आहे. क्रास्नोयार्स्कमध्ये १९६२ साली जन्मलेल्या आणि १९८९ मध्ये कार्डिफची आंतरराष्ट्रीय गायनस्पर्धा जिंकलेल्या या गायकाचा रंग खरोखर गडद होता. पण तो त्यांचा स्वतःचा होता. त्यांच्याकडून घ्यायची ती लांबलचक, न तुटणारी स्वरओळ, आणि पियानोवादक इवारी इल्या यांच्याबरोबरचा संवाद. तुमचे ‘अ’ आणि ‘ए’ दोन्ही ‘ओ’सारखे ऐकू येत असतील, सूर किंचित उतरत असेल, तर घसा दाबला जातोय. तीच ओळ फक्त ‘ई’वर गाऊन पाहा.

उच्चारांत मराठी माणसाची बाजू भक्कम आहे, आणि तरी आपण इंग्रजी वळणाने गातो. रशियन त-द दंत्य आहेत, ट-ड नाहीत. ‘क्रसाविचा’ या शब्दातला ‘चा’ म्हणजे आपल्या ‘चमचा’तला चा, तो आयताच आपल्या तोंडात आहे. आघात नसलेला ‘ओ’ ‘अ’कडे झुकतो, त्यामुळे लिहिलेलं ‘मोलोको’ गाताना ‘मलाको’ होतं. त्रास देतो तो रशियन ‘ती’ (ты), म्हणजे ‘तू’, या शब्दातला स्वर. जीभ ‘ऊ’साठी ठेवतो तशी मागे घ्या, ओठ मात्र ‘ई’सारखे पसरा.

चायकोव्हस्कीचं ‘गजबजलेल्या नाचाच्या मैफलीत’ अनेक जण इतकं रेंगाळत गातात की त्यातला वॉल्ट्झच, म्हणजे तीन मात्रांचा नाचच, हरवतो. दुःख शब्दांत आहे. ताल नाचता येईल असाच राहू द्या.

खरी परीक्षा मुसोर्गस्कीच्या ‘मृत्यूची गाणी आणि नृत्ये’ या संचातल्या अंगाईची. गोलेनिश्चेव्ह-कुतुझोव्हच्या कवितेवरचं हे गाणं १८७५ चं. आजारी मूल कण्हतंय, मेणबत्ती मंद झालीय, आई रात्रभर पाळणा हलवतेय, आणि पहाटे मृत्यू दारावर हळूच टकटक करतो. निवेदक, आई आणि मृत्यू असे तिघे एकाच गळ्यातून यायचे असतात. इथे गायक आईला किंचाळायला लावतो आणि मृत्यूला गुरगुरायला. पण कवितेत मृत्यूला कनवाळू म्हटलंय, आणि शेवटी मृत्यू स्वतःच म्हणतो: बघ, माझ्या शांत गाण्याने तो झोपला. मग गुरगुरायचं कशाला? मृत्यूचं प्रत्येक बोलणं ‘बायुश्की, बायू, बायू’ या अंगाईच्या शब्दांवर येऊन थांबतं. भीती आहे ती त्या न बदलणाऱ्या मायेत.

सराव करताना आधी कविता नुसती वाचा, दोघांनी मिळून. आईच्या ओळी धावू द्या. मृत्यू बोलायला लागला की पियानोवादकाने लय पुन्हा पहिल्या जागी आणायची, दर वेळी तीच, अगदी मेट्रोनोम (ठोके देऊन लय दाखवणारं यंत्र) लावून तपासायची. आईच्या घाईचा अंश मृत्यूच्या ओळीत शिरला की गाणं ढासळतं, आणि हे गायकापेक्षा वादकाच्या हातात जास्त आहे.

स्वरलिपी निवडतानाही जपा. मुसोर्गस्कीच्या मृत्यूनंतर १८८२ मध्ये हा संच छापला गेला तो संगीतकार रिम्स्की-कोर्साकोव्ह यांच्या संपादनाने. पुढे पावेल लाम यांनी हस्तलिखितांवरून संगीतकाराचा मूळ पाठ छापला. इंटरनेटवर सापडेल ती प्रत छापून घेण्याआधी संपादक कोण ते बघा. गायक आणि वादक यांच्यासमोर वेगवेगळी संपादनं असतील, तर सराव सुरूच करू नका.