आल्टरनेरियाच्या प्लेट ओतण्याआधी: ॲलर्जन मोजण्याची तयारी

फ्लास्क हातात घेण्याआधी प्रश्न कागदावर एका ओळीत लिहा. ‘माध्यम (बुरशी वाढवायचं खाद्य) आणि उजेड बदलला तर आल्टरनेरिया आल्टरनाटा किती अल्ट ए १ बनवते’ हा प्रश्न झेपण्यासारखा आहे. त्यातच तापमान आणि आर्द्रताही घुसडली तर शेवटी कशाचा परिणाम दिसतोय ते कुणालाच सांगता येत नाही. अल्ट ए १ हे या बुरशीचं प्रमुख ॲलर्जन, म्हणजे ॲलर्जी उठवणारा घटक, साधारण ३० किलोडाल्टनचं प्रथिन. ते बीजाणूंच्या भित्तिकेत असतं आणि बीजाणू भिजून अंकुरायला लागला की झपाट्याने बाहेर पडतं. त्यामुळे प्लेट कापसासारखी गच्च भरली म्हणून हुरळून जाऊ नका. नुसतं कवकजाल, म्हणजे बुरशीच्या धाग्यांचं जाळं, वाढलं तर वजन वाढतं, ॲलर्जन त्या प्रमाणात वाढेलच असं नाही. निकाल कशाने भागणार, तेही आत्ताच ठरवा: प्रत्येक प्लेटमागे, ओल्या वजनाच्या ग्रॅममागे, दहा लाख बीजाणूंमागे की मिलिग्रॅम प्रथिनामागे. चारही आकडे काढता येतील एवढी सोय ठेवा, कारण भागाकार बदलला की कधीकधी माध्यमांचा क्रमच उलटतो.

स्ट्रेन, म्हणजे बुरशीचा वाण, ओळख पटलेला हवा. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतला राष्ट्रीय कवक संग्रह किंवा चंडीगडचा एमटीसीसी हा सूक्ष्मजीव संग्रह इथून मागवा. आल्यावर लगेच १५ ते २० टक्के ग्लिसरॉलमध्ये लहान नळ्या भरून उणे ८० अंशांवर टाका आणि प्रत्येक प्रयोग नव्या नळीपासून सुरू करा. प्लेटवरून प्लेटवर उतरवत राहिलात तर काही पिढ्यांत पांढरे, बीजाणू न धरणारे पट्टे दिसू लागतात. अशा वसाहतीत ॲलर्जन कमी आलं तर दोष माध्यमाचा नसतो.

दोन माध्यमं, उजेड आणि अंधार, सातवा आणि चौदावा दिवस, प्रत्येकी तीन प्लेट, म्हणजे २४. त्यात बुरशी न लावलेल्या ८ कोऱ्या प्लेट आणि तापमान नोंदवायला २ धरा. माध्यमामागे १७ प्लेट, प्लेटमागे २० मिली, म्हणजे ३४० मिली. ४०० मिली बनवा. बटाटा-डेक्स्ट्रोज आगरची तयार पूड लिटरला ३९ ग्रॅम लागते, म्हणजे इथे १५.६ ग्रॅम. बटाटा-गाजर आगरसाठी ८ ग्रॅम बटाटा आणि ८ ग्रॅम गाजर मऊ उकडून मलमलीतून गाळा, ८ ग्रॅम आगर घाला आणि पाणी ४०० मिलीपर्यंत आणा. पहिल्यावर साखर मुबलक, त्यामुळे कवकजाल माजतं. दुसरं माध्यम उपाशी, त्यावर बीजाणू चांगले धरतात. बाजारातला बटाटा दर खेपेला वेगळा, म्हणून प्रत्येक माध्यम सगळंच्या सगळं एकाच दिवशी, एकाच पातेल्यातून. १२१ अंशांवर १५ मिनिटं ऑटोक्लेव्ह करा आणि ५० अंशांपर्यंत निववून ओता. गरम ओतलं तर झाकणाला पाणी सुटतं, थेंब पडतात आणि बीजाणू वाहून एका कडेला गोळा होतात.

सेलोफेनच्या चकत्यांकडे मात्र आदल्या दिवशीच बघा. आगरावर सेलोफेन असेल तरच वाढ स्वच्छ सोलून निघते. नाहीतर वजनात आगर येतं. भेटवस्तूंचा चकचकीत कागद चालत नाही, त्याच्या लेपातून पाणी जात नाही. बिनलेपाचा कागद ८५ मिलिमीटरच्या चकत्यांत कापा, पाणी बदलून दोनदा उकळा आणि पाण्यात बुडवूनच ऑटोक्लेव्ह करा. कोरडा टाकलात तर गुंडाळी होते आणि मग ती चिमट्याने पसरवता पसरवता सकाळ जाते. चकती ठेवताना खाली हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. तिथे बुरशी उपाशी राहते आणि वसाहतीत टक्कल पडतं.

इनॉक्युलमसाठी, म्हणजे प्लेटवर पेरायच्या बीजाणूंच्या द्रावणासाठी, बटाटा-गाजर आगरवरची दहा दिवसांची प्लेट, बीजाणू पाण्यात मिसळायला ०.०५ टक्के ट्वीन ८० आणि गाळायला दुहेरी निर्जंतुक मलमल तयार ठेवा. न्यूबॉर चेंबरमध्ये (मोजणीसाठी चौकोन आखलेली काच) कोपऱ्यातल्या चार मोठ्या चौकोनांची सरासरी गुणिले १०,००० म्हणजे मिलीमागे बीजाणू. दाट द्रावण मोजा, मग मिलीमागे एक लाखापर्यंत पातळ करा. पातळ द्रावणात चौकोनाला दहाच बीजाणू येतात आणि चूक मोठी होते. प्लेटमागे १०० मायक्रोलिटर. हे बीजाणू जड, मिनिटभरात तळाशी बसतात, म्हणून प्रत्येक वेळी हलवूनच पिपेट भरा.

उजेड १२ तास, अंधार १२ तास. सतत उजेड नको, कारण या गटातल्या बऱ्याच बुरशा बीजाणू अंधारातच धरतात. अंधाराच्या प्लेट फॉइल लावलेल्या डब्यात, पण त्याच इन्क्युबेटरमध्ये, २५ अंशांवर. दिव्याच्या ट्यूबखाली प्लेट तापते, म्हणून नोंदयंत्राचा सेन्सर आगरात खोचलेली एक प्लेट उजेडात आणि एक डब्यात ठेवा. प्लेट एकावर एक रचू नका, खालच्यांना उजेड मिळत नाही. पॅराफिल्म लावायची तर सगळ्यांना सारखीच. पावसाळ्यात ती हवीच, कारण प्लेटमध्ये माइट, म्हणजे बारीक कोळीवर्गीय किडे, शिरतात, बीजाणू पायांनी पसरवतात आणि स्वतःची ॲलर्जनंही मागे ठेवतात. वसाहतीबाहेर रांगेत ठिपके उगवले की ती प्लेट बाद.

काढणीच्या दिवसासाठी पीएच ७.४ चं फॉस्फेट बफर सलाइन ४ अंशांवर गार करून ठेवा. ओल्या वजनाच्या दहापट बफर, गोठवून कुटलेली बुरशी, आणि ४ अंशांवर रात्रभर हलवणं. बुरशीचे प्रोटिएझ, म्हणजे प्रथिनं तोडणारी विकरं, रात्रीत ॲलर्जन खाऊन टाकतात, म्हणून त्यांना रोखणारं १ मिलिमोलर पीएमएसएफ, तेही ऐन वेळी घातलेलं; पाण्यात ते खोलीच्या तापमानाला तासाभरात निम्मं उरतं. मग १०,००० जी वर २० मिनिटं फिरवून, प्रथिन कमी धरणाऱ्या ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून लहान नळ्यांत गोठवा. सेलोफेनखालच्या आगराचा तुकडाही काढून ठेवा, खाली काही झिरपलंय का ते कळतं. बीजाणू धुतलेलं पाणी फेकू नका, अल्ट ए १ चा मोठा वाटा त्यातच असतो.

प्रथिन मोजायला रंगद्रव्याची ब्रॅडफर्ड चाचणी बरी. बीसीए ही दुसरी चाचणी माध्यमातल्या ग्लुकोजला फसते आणि साखरेच्या माध्यमावर प्रथिन फुगवून दाखवते. अर्क मेलॅनिनमुळे तपकिरी येतो, तेव्हा ब्रॅडफर्डचं रंगद्रव्य न घातलेली एक विहीर (मोजणीच्या प्लेटमधला खळगा) प्रत्येक नमुन्यामागे राखून ठेवा. अल्ट ए १ प्रतिपिंडांनी मोजणाऱ्या एलायझा चाचणीत कोऱ्या प्लेटचे अर्कही लावा.

पिकलेली प्लेट उघड्या टेबलावर उघडायची नाही; क्लास २ कॅबिनेट (हवा गाळणारी जैवसुरक्षा पेटी), एन-९५ मास्क आणि हातमोजे लागतातच. दमा असलेल्या सहकाऱ्याला काढणीच्या पाळीला लावू नका. वापरलेल्या प्लेट न उघडता पिशवीत भरून ऑटोक्लेव्हला द्या, आणि त्यासाठी तो रिकामा मिळेल याची वेळ आधीच लिहून ठेवा.