स्वतःचा हवामान डेटा एनर्जीप्लसमध्ये घेताना

एनर्जीप्लस म्हणजे इमारतीच्या ऊर्जावापराचं सिम्युलेशन करणारा प्रोग्राम, आणि ईपीडब्ल्यू ही त्याची हवामान फाइल. हवामान स्टेशनचा डेटा ईपीडब्ल्यू फाइलमध्ये बसवायचा, तर कोऱ्या फाइलपासून सुरुवात करू नका. जवळच्या ठिकाणाची तयार फाइल घ्या आणि तिच्यातले आकडे बदला. वरच्या 8 ओळी हेडरच्या असतात; त्यातल्या पहिल्या ओळीत अक्षांश, रेखांश, टाइम झोन आणि उंची आपल्या जागेची टाका. खाली वर्षाच्या 8760 ओळी, दर तासाला एक.

खरी गडबड सौर किरणांत होते. एनर्जीप्लस हिशेबाला थेट आणि विखुरलेले किरण घेतं, आडव्या पृष्ठभागावरचे एकूण किरण नाही. म्हणजे नुसता एकूणचा रकाना बदललात, तर सिम्युलेशन मुकाट्याने जुन्याच उन्हावर चालतं, एररही येत नाही! स्टेशनवर फक्त एकूण किरण मोजले असतील, तर आधी त्यांची थेट आणि विखुरलेले अशी विभागणी करून घ्या.

वेळही तपासा: पहिला तास म्हणजे मध्यरात्र ते एक, आणि वेळ स्थानिक प्रमाणवेळ, यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) नव्हे. निरभ्र दिवसाचा आलेख काढा. किरणांचा कळस सौर मध्यान्हापासून (सूर्य सर्वात उंच असतो त्या वेळेपासून) तासभर सरकलेला दिसला, तर ओळी सरकल्या आहेत. दाब पास्कलमध्येच हवा.