बंद लायब्ररीवर चालणारं प्लगइन वाटताय? या चुका टाळा

प्लगइन तुमच्या मशीनवर छान चालतंय. कोड तुमचा, मूळ सॉफ्टवेअर जीपीएलखालचं (पुढे वाटताना पूर्ण प्रोग्रामचा सोर्स त्याच अटींवर द्यायला लावणारं लायसन्स), आणि मधे कॅमेऱ्याची, कोडेकची किंवा डेटाबेसची एक लायब्ररी, जिचा सोर्स कुणालाच मिळत नाही. इथपर्यंत काहीच बिघडलेलं नाही. जीपीएल प्रोग्राम चालवण्यावर बंधन घालत नाही. स्वतःच्या मशीनवर कशाला काय जोडायचं हे तुम्ही ठरवा. अडचण येते ती झिप फाइल दुसऱ्याच्या हाती देताना. इथल्या बहुतेक चुकांचं मूळ मला एकच दिसतं: दोन लायसन्स लागू असतात आणि वाचलेलं एकच असतं. कुणी जीपीएल वाचतो, कुणी एसडीकेचा, म्हणजे विक्रेत्याने लायब्ररीसोबत दिलेल्या संचाचा, करार.

‘डायनॅमिक लिंक केलंय (लायब्ररी कोडमध्ये न मिसळता चालताना जोडलीय), मग काय हरकत?’

हा समज सगळ्यात चिवट आहे. जीपीएल लिहिणाऱ्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनची भूमिका अशी: प्लगइन आणि मूळ प्रोग्राम एकमेकांची फंक्शन्स बोलावत असतील आणि डेटा स्ट्रक्चर वाटून घेत असतील, तर तो एकच प्रोग्राम, आणि जीपीएल त्या सगळ्याला लागू. लायब्ररी डीएलओपन या फंक्शनने प्रोग्राम चालू असताना उघडली काय किंवा आधीच लिंक केली काय, यात फरक पडत नाही. जीसीसी या जीपीएलखालच्या कंपायलरने 2010 साली 4.5 आवृत्तीत प्लगइनची सोय दिली, तेव्हा ‘हे प्लगइन जीपीएलशी सुसंगत आहे’ असं सांगणारं एक सिम्बॉल (ठरावीक नावाची खूण) प्लगइनमध्ये असणं सक्तीचं केलं. ते नसेल तर जीसीसी प्लगइन उघडतच नाही.

मूळ सॉफ्टवेअर एमआयटी या सैल लायसन्सखाली असेल तर ही बाजू मोकळी असते, पण साखळी शेवटपर्यंत बघा. नकाशांचा डेटा वाचणारी जीडॅल ही लायब्ररी एमआयटीखाली आहे, त्यामुळे ईसीडब्ल्यू या चित्रप्रकारासाठीचा बंद एसडीके वापरणाऱ्या प्लगइनला जीडॅलची आडकाठी नाही. तेच जीडॅल क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरबरोबर एका गठ्ठ्यात द्यायला निघालात की क्यूजीआयएसचं जीपीएल हिशेबात येतं.

माझ्या मते सगळ्यात भक्कम वाट म्हणजे बंद लायब्ररी एका छोट्या, वेगळ्या प्रोग्राममध्ये ठेवणं आणि प्लगइनने त्याच्याशी पाइप किंवा सॉकेटवरून बोलणं. थोडा वेग जातो, हे खरं. मात्र वेग वाचवण्यासाठी अंतर्गत डेटा स्ट्रक्चर जशीच्या तशी दोन्हीकडे फिरवू लागलात, तर प्रक्रिया (प्रोसेस) वेगळ्या असूनही ‘हे वेगळे प्रोग्राम’ हा दावा लंगडा पडतो.

दुसऱ्याच्या कोडला स्वतःच अपवाद देणं

‘या लायब्ररीशी जोडायला परवानगी आहे’ असं कलम लायसन्स फाइलमध्ये घालता येतं, पण फक्त स्वतःच्या कोडपुरतं. मूळ सॉफ्टवेअरच्या वतीने ती परवानगी त्याचे कॉपीराइटधारकच देऊ शकतात. टोटेम आणि रिदमबॉक्स या व्हिडिओ-संगीत प्लेअरांनी जीस्ट्रीमर या मीडिया लायब्ररीच्या जीपीएलशी न जुळणाऱ्या प्लगइनसाठी असा अपवाद स्वतःच लिहून ठेवला आहे. शेकडो लोकांनी कोड दिलेल्या प्रकल्पात प्रत्येकाची संमती मिळवणं किती जड जातं, हे केडीई या लिनक्सवरच्या डेस्कटॉपच्या इतिहासात दिसतं. केडीई ज्यावर उभं आहे त्या क्यूटी लायब्ररीचं लायसन्स जीपीएलशी जुळत नाही म्हणून डेबियन या लिनक्स वितरणाने 1998 मध्ये केडीई बाहेर ठेवलं. तो पेच सुटला 2000 मध्ये, क्यूटीच जीपीएलखाली आल्यावर.

जीपीएलमधल्या सिस्टिम लायब्ररीच्या सवलतीवरही विसंबू नका. ती ऑपरेटिंग सिस्टिमच्या मुख्य भागांसोबत नेहमी येणाऱ्या लायब्ररींसाठी आहे. विक्रेत्याच्या साइटवरून उतरवलेला एसडीके त्यात बसत नाही.

एसडीके रेपोत (कोड ठेवायच्या गिटच्या साठ्यात) टाकणं

‘हेडर फाइलच (लायब्ररीच्या फंक्शन्सची यादी देणाऱ्या) तर आहेत’ म्हणून त्या सार्वजनिक रेपोत जातात. हेडरवरही कॉपीराइट असतो आणि बरेच करार ती पुढे वाटू देत नाहीत. पुढच्या कमिटमध्ये डिलीट केल्याने फाइल जात नाही, गिटच्या इतिहासात राहते. गिट फिल्टर-रेपो हे साधन वापरून इतिहासच पुन्हा लिहावा लागतो, आणि तोवर झालेले फोर्क (इतरांनी घेतलेल्या प्रती) तसेच उरतात. सार्वजनिक डॉकर इमेजमध्ये (प्रोग्राम चालायला लागणारं सगळं भरलेल्या पॅकेजमध्ये) राहून गेलेला एसडीके तर कुणाच्या लक्षातही येत नाही. बिल्ड स्क्रिप्टने एसडीकेचा पत्ता एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून घ्यावा, एसडीके सोबत बाळगू नये.

करारात पुढे वाटता येणाऱ्या फाइलींची यादी असते का ते शोधा. एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डांसाठीच्या कूडा एसडीकेच्या करारात अशी यादी आहे. यादीबाहेरची फाइल पॅकेजमध्ये घालू नका. एफएफएमपेग हे व्हिडिओ-ऑडिओचं सॉफ्टवेअर तर बिल्ड करतानाच इशारा देतं: ‘नॉनफ्री’ पर्याय चालू केला की कॉन्फिगरच्या शेवटी ‘नॉनफ्री अँड अनरीडिस्ट्रिब्यूटेबल’ (मुक्त नाही, पुढे वाटता येणार नाही) अशी ओळ छापून येते. ती ओळ दिसली की ती बायनरी फक्त तुमच्यापुरती.

लायब्ररी वापरणाऱ्यानेच टाकायची असेल तर

स्क्रीन रेकॉर्डिंगच्या ओबीएसचं एनडीआय (नेटवर्कवरून व्हिडिओ पाठवण्याची पद्धत) प्लगइन हेच करतं: प्लगइन खुलं, एनडीआयचा रनटाइम म्हणजे चालवायला लागणारी लायब्ररी वापरणाऱ्याने वेगळा घ्यायचा. डेबियनमध्ये अशा पॅकेजची जागा ‘मेन’ या मुख्य विभागात नव्हे, ‘कॉन्ट्रिब’मध्ये, म्हणजे स्वतः खुल्या पण बंद गोष्टीवर विसंबणाऱ्या पॅकेजच्या विभागात. फ्लॅटहबवर (फ्लॅटपॅक या लिनक्स पॅकेजांचं दुकान) ‘एक्स्ट्रा डेटा’ची सोय आहे, तिथे बंद फाइल इन्स्टॉल होताना थेट वापरणाऱ्याच्या मशीनवर उतरते.

वाटप सोपं झालं, तरी तक्रारी इथूनच सुरू होतात. प्लगइन थेट लिंक केलेलं असेल तर लायब्ररी नसताना ते उघडतच नाही, आणि माणसाला मेनूत काहीच दिसत नाही. म्हणून लायब्ररी गरज पडेल तेव्हा उघडा, आधी तिची आवृत्ती विचारा, आणि मिळाली नाही तर कोणती लायब्ररी, कोणती आवृत्ती, कुठे कुठे शोधली हे स्पष्ट सांगा. थ्रीडी सॉफ्टवेअर ब्लेंडरचं चित्र तयार करणारं इंजिन, सायकल्स, कूडाचा ड्रायव्हर असाच चालू असताना उघडतं. म्हणून तीच बायनरी एनव्हिडियाचं कार्ड नसलेल्या मशीनवरही चालते.

विंडोजवर त्रुटी 126 आली की लोक म्हणतात, ‘फाइल तर समोरच आहे!’ बहुतेक वेळा हरवलेली असते ती त्या फाइलला लागणारी दुसरी डीएलएल. 193 आली तर 32 आणि 64 बिटची सरमिसळ तपासा. लिनक्सवर एलडीडी या आदेशाच्या उत्तरात ‘नॉट फाउंड’ शोधा आणि रीडएल्फने रनपाथ, म्हणजे लायब्ररी कुठे शोधायची तो फाइलमध्ये लिहिलेला पत्ता, बघा. त्यात तुमच्याच होम फोल्डरचा पत्ता निघाला, तर प्लगइन फक्त तुमच्याकडे का चालत होतं ते कळेल. फ्लॅटपॅकच्या आतून बाहेरच्या सिस्टिमची लायब्ररी एरवी दिसत नाही. मॅकवर हार्डन्ड रनटाइम (ॲपलची कडक सुरक्षा) असलेलं सॉफ्टवेअर दुसऱ्या टीमची सही असलेली लायब्ररी नाकारतं. या नकारातून सूट मूळ सॉफ्टवेअरच्या सहीतच असावी लागते, प्लगइनमधून मिळवता येत नाही. इथेही वेगळ्या प्रोग्रामची वाटच कामाला येते.

चुकीचं पॅकेज आधीच बाहेर गेलं असेल तर

डाउनलोडची लिंक आजच काढून टाका. जीपीएलच्या आवृत्ती 3 मध्ये पहिल्यांदा चूक करणाऱ्याने नोटीस मिळाल्यापासून 30 दिवसांत ती सुधारली तर हक्क परत मिळतात. आवृत्ती 2 मध्ये उल्लंघन होताच हक्क आपोआप संपतात आणि अशी मुदत नाही. विक्रेत्यालाही लिहा, लेखी परवानगी मागा. ती मिळाली तरी एसडीकेच्या करारापुरतीच. मूळ सॉफ्टवेअरच्या जीपीएलचा प्रश्न ती सोडवत नाही. त्यासाठी प्लगइनची रचनाच बदलावी लागेल.