नवतप्यात एअरब्रश मारायचा तर

टामिया कंपनीचा टी-५५ रणगाडा, म्हणजे १/३५ मापाचं प्लास्टिक मॉडेल, एअरब्रशने (हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या पेनसारख्या ब्रशने) रंगवत होतो, बाहेर ४५ डिग्री, अन् अ‍ॅक्रिलिक रंग मॉडेलपर्यंत पोचेस्तोवर हवेतच वाळत होता भाऊ, टरेटवर (तोफेच्या फिरत्या बुरुजावर) बोट फिरवलं तर पॉलिश पेपरसारखं खरखरीत, सुईच्या टोकालाही रंगाची गाठ. कूलरसमोर बसून तर काहीच होत नाही, उलट वाऱ्याने ओव्हरस्प्रे, म्हणजे उडालेला जास्तीचा रंग, सगळीकडे. मग खरखरीत भाग २००० नंबरच्या वॉटर पेपरने ओला घासला, रंगात रिटार्डरचे (रंग हळू वाळवणाऱ्या द्रवाचे) थेंब टाकले, थिनर वाढवलं, प्रेशर १५ पीएसआयवर आणलं अन् एअरब्रश मॉडेलपासून दोन-तीन इंचांवर धरला, तेही पहाटेच. आता कोट गुळगुळीत बसतो. वॉशच्या (खाचा उठून दिसाव्यात म्हणून लावायच्या पातळ गडद रंगाच्या) आधी ग्लॉस वार्निश मात्र माराच, नाहीतर टर्पेंटाइनमधला तपकिरी रंग वेल्डिंगच्या रेषेत न थांबता सगळीकडे डाग धरतो. धूळ दाखवायला पिगमेंट (रंगाची कोरडी पूड) शेवटी, तेही फक्त ट्रॅक अन् खालच्या भागावर.